शिकणं पूर्ण झालं, हे कसं ओळखायचं?



एप्रिल संपत आला की मंदिरात भेटणारी प्रत्येक जण विचारते, "नातीची परीक्षा झाली का?" माझी बारा वर्षांची नात शाळेत जात नाही, सूनबाई तिला घरीच शिकवते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "परीक्षाच नाही, तर शिकली हे कळणार कसं?" पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, एवढं मी सांगते. पण या प्रश्नाचं जुनं उत्तर आपल्याच परंपरेत आहे, ते आज सांगावंसं वाटलं.

भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर सहा-सात शतकांनी गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेन राहत होते. श्रुतज्ञान तोवर मुखोद्गतच होतं. आपल्यामागे ते लुप्त होईल, या काळजीने त्यांनी दक्षिणेतल्या मुनिसंघाला निरोप धाडला. दोन मुनी आले, तेच पुष्पदंत आणि भूतबली.

धरसेनांनी आधी परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र दिला आणि दोन उपवास करून साधना करायला सांगितली. एका मंत्रात एक अक्षर जास्त होतं, दुसऱ्यात एक कमी. साधना झाल्यावर देवी प्रकटल्या, पण एकीचे दात पुढे आलेले, तर दुसरी एका डोळ्याने आंधळी. देवी विरूप नसतात, तेव्हा चूक मंत्रातच असणार, हे दोघांनी ओळखलं. मंत्र शुद्ध करून पुन्हा जपला, तेव्हा देवी आपल्या मूळ रूपात दिसल्या. गुरूंनी दिलंय म्हणून जसंच्या तसं घोकलं नाही, यातच ते उत्तीर्ण झाले. मग शिकवणं सुरू झालं.

आषाढ शुद्ध एकादशीला अध्ययन संपलं. तेव्हा पुन्हा परीक्षा झाली नाही. धरसेनांनी निरोप दिला आणि दोघे अंकलेश्वरला चातुर्मासाला गेले. पुढे पुष्पदंतांनी सुरुवातीची सूत्रं रचून भूतबलींकडे पाठवली, भूतबलींनी उरलेला ग्रंथ पूर्ण केला. तो षट्खंडागम. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्याची पूजा झाली, म्हणून आपण दिगंबर श्रुतपंचमी पाळतो. शिकलेलं पुढच्यासाठी लिहून ठेवलं, हाच त्यांचा निकाल!

पुढे वीरसेनस्वामींनी त्यावर धवला टीका लिहिली. तिच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीला शतकानुशतकं जपून राहिल्या. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन करून 1939 मध्ये तिचा पहिला भाग आपल्या अमरावतीतून छापला. एकूण 16 भाग निघाले.

हे सगळं मनात ठेवूनच आम्ही घरातला शेवटचा आठवडा आखला. सोमवारी मी किराण्याचा महिन्याचा हिशेब लिहून दिला आणि मुद्दाम दोन ठिकाणी घोळ करून ठेवला. बी.कॉम. झालेल्या आजीचा एवढा तरी उपयोग व्हावा! तुरीच्या डाळीची चुकलेली रक्कम तिला लगेच दिसली. जमेची रक्कम खर्चात टाकलेली सापडायला बुधवार उजाडला. गुरुवारी तिने आपल्या धाकट्या चुलतभावाला अपूर्णांक शिकवले. समजावताना ती जिथे अडखळली, तेच सूनबाईने जूनसाठी टिपून ठेवलं. शुक्रवारी वर्षभराच्या वह्या चाळल्या, कोऱ्या पानांची एक वही बांधली.

त्या वहीत आता माझ्या सासूबाईंची विद्या उतरवायची आहे. कुठल्या तिथीला काय वर्ज्य, पाणी कसं गाळायचं, शोधाच्या स्वयंपाकात धान्य कसं निवडायचं, पापडाचं प्रमाण, किती किती त्यांना तोंडपाठ होतं. अर्धं त्यांच्याबरोबर गेलं. उरलेलं मला येतं, पण कागदावर कुठेच नाही.

आदिपुराणात ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, तेही स्वतः, घरातच. लेखनाचा वारसा असा लेकींकडे आला, आणि आपल्या कितीतरी आज्यांना मात्र सहीसुद्धा करता येत नव्हती. आपल्याला येते. तेव्हा या श्रुतपंचमीला जिनवाणीशेजारी मुलांच्या वह्या ठेवाच, पण एक आपलीही ठेवा. एका पानाची असली तरी चालेल.