गलगंड व कंठग्रंथींचे विकार: स्त्रीरुग्णांच्या टिपणांवरून दिसणारा इतिहास

रोगांचा इतिहास लिहितांना वैद्यांचीं नांवें व ग्रंथांचे काल यांवरच बहुधा भर दिला जातो. ज्यांच्या देहावरून तें ज्ञान मिळालें, त्या रोग्यांच्या नोंदींकडे इतिहासलेखक क्वचितच वळतो. गळ्यांतील थायरॉइड म्हणजे अवटुग्रंथि व तिच्या पाठीमागील इवल्या परावटु ग्रंथि यांच्या विकारांपुरतें पाहिलें तर ही उणीव फार मोठी ठरते. कारण या विषयाचीं अस्सल साधनें बहुतांशीं स्त्रियांच्या रुग्णटिपणांत आहेत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्याकडील साधनें पाहूं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची व अर्बुद यांच्याबरोबर गलगंडाचें निदान आलें आहे. चिकित्सा पुढें चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांत आहे. वातज, कफज व मेदोज असे गलगंडाचे तीन प्रकार तेथें मानले आहेत. श्वास कष्टानें घेणारा, सर्वांग मऊ पडलेला, अन्नावरची वासना गेलेला, आवाज फुटलेला व ज्याच्या रोगास वर्ष लोटलें आहे असा गलगंडी वैद्यानें सोडावा, असें सुश्रुत सांगतो. हीं लक्षणें वाचून आजचा अवटुविकार त्यांत जसाचा तसा पाहण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. ग्रंथकाराची विभागणी दोषांवरून आहे, लिंगावरून नाहीं. आणि एका विशिष्ट रोग्याची हकीकत तेथें मिळत नाहीं. दुसरी सावधगिरी शब्दांविषयीं. गलगंड व गंडमाळा हे दोन शब्द निराळे आहेत. गंडमाळा म्हणजे गळ्याभोंवतीं मण्यांसारख्या उठणाऱ्या गांठी. त्यांतील पुष्कळ क्षयजन्य असाव्यात. शार्ङ्गधराचा कांचनार गुग्गुळ गंडमाळेवर सांगितलेला आहे. तेव्हां बाडांतील एखादा पाठ पाहून तो थायरॉइडचा उपाय ठरविणें धाडसाचें होईल.

विशिष्ट रोग्यांच्या नोंदी पाहण्यास युरोपांतील व जपानांतील साधनांकडे जावें लागतें. इ. स. १८३५ मध्यें डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्ह्ज यानें छातीची तीव्र धडधड व गळ्याची सूज एकत्र असलेले जे तीन रोगी वर्णिले, त्या तिघीही स्त्रिया होत्या. १८७३ त लंडनच्या विल्यम गल यानें प्रौढ वयांत शरीर व बुद्धि मंद होत जाण्याची अवस्था वर्णिली, आणि निबंधाच्या मथळ्यांतच ती स्त्रियांत आढळते असें नमूद केलें. पुढें तिला मिक्सिडीमा हें नांव मिळालें. १९१२ त जपानांतील हाकारु हाशिमोतो यानें जर्मन भाषेंतील नियतकालिकांत अवटुग्रंथीच्या दीर्घकालीन दाहाची माहिती दिली. त्याच्या चारही रोगी स्त्रियाच होत्या. शरीराचें संरक्षक बळच स्वतःच्या ग्रंथीवर उलटतें, हें त्या रोगाचें कारण १९५६ त उघड झालें. ग्रेव्ह्ज व हाशिमोतो यांचीं नांवें रोगांना मिळालीं. त्या सात स्त्रियांचीं नांवें सामान्य वाचकाला ठाऊक नाहींत.

या साधनांत सर्वांत बोलकें टिपण न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे याचें आहे. १८९१ त त्यानें मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क मिक्सिडीमा झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईस सुईनें टोंचला. तिची सूज उतरली, बोलणें व हालचाल सुधारली. ती आणखी २८ वर्षें जगून १९१९ त वारली. तेवढ्या काळांत तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या. त्या काळीं असाध्य समजला जाणारा रोग साध्य ठरल्याचा इतका सलग पुरावा एका स्त्रीच्या आयुष्याच्या नोंदीनें दिला आहे.

परावटु ग्रंथींची कथा मात्र एका गेंड्यापासून सुरू होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८३४ त आणलेला हिंदुस्थानांतील एकशिंगी गेंडा १८४९ त मेला. त्याचें शवच्छेदन करतांना रिचर्ड ओवेन यास त्या लहान ग्रंथि दिसल्या. माणसांतील ग्रंथींचें वर्णन १८८० त स्वीडनच्या इवार सांडस्ट्रोम यानें केलें. अवटुग्रंथि कापून काढल्यावर कांहीं रोग्यांना हातपाय वळण्याचे झटके कां येतात, याचा उलगडा त्यानंतर झाला: शस्त्राबरोबर परावटुही जात, आणि रक्तांतील कॅल्शियम उतरत असे. उलट त्या अति कार्य करूं लागल्या कीं हाडांतील कॅल्शियम ओढलें जातें, हाडें ठिसूळ होतात व मूत्रपिंडांत खडे होतात. हा विकारही पुरुषांपेक्षां स्त्रियांत, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर, अधिक आढळतो.

आपल्या देशांत गलगंडाचें एक मोठें कारण मातींत व पाण्यांत आयोडीन कमी असणें हें ठरलें. कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला व गलगंडाचें प्रमाण घटलें. १९६२ त राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तथापि मिठानें सर्व अवटुविकार टळत नाहींत. थकवा, थंडी न सोसणें, वजन वाढणें, ऋतूची अनियमितता हीं लक्षणें आजही पुष्कळ घरांत वयाचीं किंवा कामाच्या शिणाचीं मानलीं जातात. साध्या रक्तपरीक्षेनें निर्णय होऊं शकतो, पण ती करण्यास उशीर होतो.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. वैद्यकाचीं बाडें हातीं आलीं कीं आपण ग्रंथनाम व लेखनशक तेवढे टिपून घेतों, आणि समासांत किंवा शेवटच्या कोऱ्या पानांवर ‘अमक्याची सून, गळा सुजला, अमुक काढा दिला’ अशा धर्तीचा मजकूर असल्यास तो किरकोळ म्हणून सोडून देतों. तसा मजकूर आढळल्यास त्याची अक्षरशः नक्कल करावी. वय, गांव व लक्षणें जशीं असतील तशीं ठेवावीं, आणि आजचें रोगनाम त्यांवर लादूं नये. पोथीचा मूळ पाठ दुसऱ्या प्रतींत मिळण्याचा संभव असतो. समासांतील ती बाई दुसऱ्या कोणत्याही प्रतींत मिळावयाची नाहीं.