जुन्या जीपची तेलनळी : अस्सल जोड ओळखायचा कसा?

तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) : त्वरिता देवीच्या दर्शनाला आलेला भाविक असो की बाजाराला निघालेला शेतकरी, मराठवाड्यातल्या तलवाड्यासारख्या गावांची भिस्त वर्षानुवर्षे जीपगाडीवर राहिली. त्या पिढीतल्या कित्येक गाड्या भंगारात गेल्या, काही गोठ्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या. आता अशा उभ्या राहिलेल्या गाड्यांनाच मोल आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटून गेलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क आहे, नोंदणी १० वर्षे चालते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा भाड्यासाठी मात्र चालवता येत नाही.

या नियमातील कळीचे शब्द आहेत ‘मूळ स्वरूप’. चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे आणि त्याची तपासणी राज्याने नेमलेली समिती करते. तेलाच्या नळीचा नियमात उल्लेख नाही, आणि एक पितळी जोड बदलला म्हणून कोणाचा अर्ज फेटाळला जाण्याचे कारणही नाही. तरीही जुनी जीप विकत घेणाऱ्याने इंजिन क्रमांकाच्या पाठोपाठ हाच जोड पाहावा. इंजिन बदलले गेले की त्याची खूण येथे हमखास राहते.

पेट्रोल महागले तशी अनेक जीपगाड्यांची मूळ पेट्रोल इंजिने उतरवून त्या जागी डिझेल इंजिने बसवली गेली. नवे इंजिन मेट्रिक आट्यांचे आणि डॅशबोर्डावरचा मापक जुन्या इंची आट्यांचा, असा प्रसंग आला की फिटर मध्ये एखादा अ‍ॅडॉप्टर घालतो, तो पुरला नाही तर आणखी एक. इंजिनाच्या ठोकळ्यापासून नळीपर्यंत असे दोन-तीन तुकडे एकापुढे एक जोडलेले दिसले, की या गाडीच्या पोटात काही अदलाबदल झाली आहे काय, हा प्रश्न मालकाला विचारलाच पाहिजे.

या नळीचे काम समजून घेतले तर जोडाचे महत्त्व उमगते. जुन्या मोटारींतील तेलदाबमापक, गॅरेजच्या भाषेत ‘ऑइल मीटर’, विजेवर चालत नाही. इंजिनातले दाबाखालील तेलच एका बारीक नळीतून थेट डॅशबोर्डापर्यंत येते. मापकात एक वाकवलेली, चपट्या छेदाची धातूची नळी असते. दाब वाढला की ती किंचित उलगडते आणि काटा फिरवते. ही युक्ती फ्रेंच अभियंता यूजेन बूर्दाँ याची. त्याने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी जीपच्या पाच मापकांत ८० पौंडांपर्यंत खुणा असलेला असाच तेलदाबमापक होता. त्या जीपगाड्या विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक बनवल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढील काळातील जीपगाड्यांत काट्याची जागा लाल दिव्याने घेतली, म्हणून आपली गाडी कोणत्या सालची आहे, हे आधी निश्चित करावे. आपल्याकडच्या फियाट ११०० डीमध्ये, म्हणजे पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीत, तेलासाठी इशारादिवाच होता. तिच्यात तेलाची नळी सापडली, तर ती कोणीतरी हौसेने नंतर बसवलेली.

ओळखीची खरी कसोटी आट्यांत आहे. अमेरिकी पाइपआटा ६० अंशांचा आणि निमुळता असतो. त्याच्या एक अष्टमांश इंच मापात इंचाला २७ आटे असतात. ब्रिटिश पाइपआटा ५५ अंशांचा, त्याच मापात इंचाला २८ आटे. मेट्रिक गाड्यांत अनेकदा १० मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर अंतराचा आटा आढळतो. ‘एक अष्टमांश’ या नावाने मात्र फसू नये. ते माप लोखंडी पाइपाच्या पोकळीवरून पडले आहे. जोडाचा बाहेरचा व्यास अमेरिकी आट्यात सुमारे १०.३ आणि ब्रिटिश आट्यात सुमारे ९.७ मिलिमीटर भरतो. पाच आट्यांची लांबी मोजली तर अमेरिकी ४.७, ब्रिटिश ४.५ आणि मेट्रिक ५ मिलिमीटर येते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. व्हर्निअर आणि आटेमापकाची पट्टी हवीच. दोन्हींचा खर्च एका चुकीच्या जोडापायी जाणाऱ्या इंजिनापुढे काहीच नाही.

ही मापे इतकी जवळची आहेत, म्हणूनच घोटाळा होतो. अमेरिकी जोड ब्रिटिश भोकात हाताने दोन-तीन फेरे सहज बसतो, मग अडतो. अडल्यावर पान्याने जोर लावला की पितळ आपले आटे गमावते आणि जोड ‘बसला’ असे वाटते. पुढे गरम तेलाच्या दाबाखाली तो झिरपू लागतो. नळी तुटली तर इंजिनातले तेल काही मिनिटांत रस्त्यावर आणि काटा शून्यावर. तेव्हा गाडी जागच्या जागी बंद करणे एवढेच हाती उरते. काटा शून्यावर येण्यास तुंबलेली नळी किंवा बिघडलेला मापकही कारण असू शकतो, पण तो तपास इंजिन बंद केल्यावर करायचा.

गाडी ब्रिटिश म्हणजे आटेही ब्रिटिश, असेही गृहीत धरू नये. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ‘युनिफाइड’ आट्यांचे समान मानक स्वीकारले आणि पुढील दशकात ब्रिटिश मोटारी त्याकडे वळल्या. त्यामुळे एकाच गाडीत इंजिनाच्या टोकाला एक आणि मापकाच्या टोकाला दुसरा आटा असू शकतो, आणि दोन्ही अस्सल असू शकतात. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मापकाच्या टोकाला चामड्याचा बारीक वायसर असे. तो अजून जागेवर असेल, तर त्या जोडाला बऱ्याच वर्षांत कोणी हात लावलेला नाही, असे समजायला हरकत नाही.

आटे जुळले तरी बाकीच्या खुणा पाहाव्यात. नटाचे कोपरे गोल झाले असतील, तर अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या नटावर कोणीतरी १३ चा पाना चालवला आहे. आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप दिसली, तर जोड नंतर केव्हातरी खोलला गेला आहे. त्या टेपचे तुकडे तेलात जाण्याचा धोका वेगळाच. १९४० च्या दशकातल्या जीपवर पांढरी नायलॉनची नळी असेल, तर ती निःसंशय नंतरची. नळी तांब्याची असेल, तर तिचे वेटोळे पाहावे. इंजिन रबराच्या आधारांवर हलते, डॅशबोर्ड स्थिर असतो. ही हालचाल सोसण्यासाठी नळीला वेटोळे किंवा मध्ये लवचीक तुकडा लागतो. सरळ ताणून बसवलेली तांब्याची नळी कंपनाने कडक होते आणि बहुधा जोडालगतच तडकते.

युद्धकालीन जीपसाठी अमेरिकी लष्कराची १९४४ ची टीएम ९-८०३ ही देखभाल पुस्तिका आणि जी-५०३ ही सुट्या भागांची यादी हाताशी ठेवावी. फोर्डच्या जीपवर बोल्ट आणि अनेक भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर कोरलेले असे. विलिसच्या गाडीवर ते दिसले, तर भाग कोठून तरी आला आहे. मात्र लष्करी कार्यशाळांत दोन्हींचे भाग सर्रास एकमेकांना लावले जात. त्यामुळे अशा गाडीला सरसकट बनावट ठरवणे अन्यायाचे होईल.

जोड काढण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे. रॉकेलने आणि मऊ ब्रशनेच धुवावे, तारेच्या ब्रशने पितळावरच्या खुणा पुसल्या जातात. रस्त्यावर चालवायच्या गाडीला नवी नळी आणि नवा जोड बसवणेच शहाणपणाचे, तिथे जुन्याचा हट्ट नको. पण काढलेला जोड मोडीच्या टोपलीत टाकू नये. पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. तपासणीच्या दिवशी तो समितीपुढे मांडता येतो.