घरचे संकेतस्थळ आणि बंद दारे

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाचा अभ्यास करताना आपण छापखान्याचा विचार हटकून करतो. छापखाना कोणत्या गावी निघाला, कोणाच्या मालकीचा होता, सरकारची नजर त्यावर कशी होती, हे प्रश्न आता पदव्युत्तर वर्गातही विचारले जातात. आंतरजालावरील मराठीविषयी मात्र आपली जिज्ञासा तेथे काय लिहिले गेले एवढ्यावरच थांबते. ते लेखन कोणाच्या यंत्रावर राहत होते आणि लिहिणाऱ्याला ते स्वतःच्या घरातील यंत्रावर ठेवून जगाला वाचायला देता आले असते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वरवर तो तंत्रज्ञांचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयव्यवहाराचा प्रश्न आहे, आणि त्याला तीस वर्षांचा इतिहास आहे.

आधी दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. आंतरजालावरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. त्या पत्त्यावर पासष्ट हजारांहून अधिक क्रमांकित दारे कल्पिलेली आहेत. त्यांना पोर्ट म्हणतात. संकेतस्थळ पाहायला येणारा ८० क्रमांकाच्या दारावर थाप देतो, सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३ वर, आणि टपालाची देवघेव करणारी यंत्रे २५ वर. ज्या यंत्रावर अशा थापेला उत्तर देणारी आज्ञावली चालू असते, ते यंत्र म्हणजे सर्व्हर. त्यासाठी थंडगार खोलीतील अवाढव्य यंत्रच लागते, असे नाही. २०१२ मध्ये बाजारात आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही काही हजार पाने आणि काही शेकडो वाचक सहज सांभाळतो. म्हणजे यंत्र स्वस्त आहे, आज्ञावली विनामूल्य आहे, मजकूर आपला आहे. अडते ते दाराशी.

मूळ रचनेत ही अडचण नव्हती. ज्याला पत्ता आहे तो बोलूही शकतो आणि ऐकूही शकतो, हे आंतरजालाचे मूळ गृहीतक होते. मात्र पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी एवढीच धरली गेली होती आणि ती पुरणार नाही, हे नव्वदीच्या दशकारंभीच ध्यानात आले. मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तांत्रिक टिपणाने त्यावर तोड सुचवली. आपल्याकडील जुन्या वाड्याला जसा एकच घरक्रमांक असे आणि आत दहा बिऱ्हाडे नांदत, तसे बाहेर एक पत्ता आणि आत अनेक यंत्रे. दारावरचा राखणदार कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला पत्र पाठवले हे लिहून ठेवतो आणि आलेले उत्तर बरोबर त्याच बिऱ्हाडात पोचवतो. सोय उत्तम होती. पण तिच्या पोटात एक विषमता दडलेली होती. आतून गेलेल्या पत्राचे उत्तर पोचते. बाहेरून कोणी अनाहूत आला, तर तो कोणाकडे आला आहे हे राखणदाराला कळत नाही आणि तो त्याला परत पाठवतो. आतला मनुष्य जगाला हाक मारू शकतो, जग त्याला हाक मारू शकत नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केली. २००४ मध्ये 'मनोगत' आले. मराठी माणूस आंतरजालावर लिहू लागला, तो असा दुसऱ्याने बांधलेल्या ओसरीवर. त्या ओसऱ्या आपलेपणाने बांधलेल्या होत्या आणि त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्याच काळात अनेकांनी आपले लेखन परक्या कंपन्यांच्या फुकट जागांवर ठेवले. याहूची जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये मिटली, ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये, याहू समूह २०२० च्या अखेरीस. त्यांबरोबर मराठीतले किती वाद, किती कवितांचे पहिले खर्डे गेले, याची नोंद कोणाकडेही नाही.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर घरून संकेतस्थळ चालवण्याची शक्यता खऱ्या अर्थाने निर्माण झाली ती भारत संचार निगमाने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' ही ब्रॉडबँड सेवा सुरू केल्यावर. पुढील काही वर्षांत ती अमरावती-अकोल्याच्या घरांत आली. रात्री २ ते सकाळी ८ या वेळात अमर्याद वापर देणारी 'होम ५००' योजना त्या पिढीला आठवत असेल. या जोडणीत घरच्या मोडेमला बाहेरच्या जगातला खरा पत्ता मिळे. राखणदार आपल्याच टेबलावर बसलेला होता. न्याहाळकात १९२.१६८.१.१ असे लिहून त्याच्या खोलीत शिरता येई आणि ८० क्रमांकाच्या दारावर येणाऱ्याला अमुक यंत्राकडे पाठव, अशी आज्ञा देता येई.

अडचणी दोन होत्या. पहिली अशी की, पत्ता बदलता होता. जोडणी तुटून पुन्हा जुळली की नवा पत्ता मिळे. आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत जोडणी तुटायला निमित्त लागत नसे. यावर तोड म्हणून घरातले यंत्र दर काही मिनिटांनी एका नामनोंदणी सेवेला आपला ताजा पत्ता कळवत राही. वाचकाने नाव लिहायचे. नावामागचा पत्ता बदलला तरी त्याला ते कळत नसे. दुसरी अडचण अशी की, काही सेवादाते ८० आणि २५ ही दारे आपल्याच पातळीवर बंद ठेवीत. तेव्हा ८०८० सारखे दुसरे दार उघडून पत्त्यापुढे तो क्रमांक लिहावा लागे. थोडे ओबडधोबड, पण चालणारे.

दारे बंद करणाऱ्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. 'कोड रेड' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने १९ जुलै २००१ रोजी सुमारे १४ तासांत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे बाधित केली आणि तिची वाट ८० क्रमांकाच्या दारातूनच होती. त्यानंतर अमेरिकेतील काही सेवादात्यांनी घरगुती जोडण्यांचे ते दार बंद केले. २५ क्रमांक बंद झाला तो बाधित घरगुती यंत्रांतून सुटणाऱ्या जाहिरातबाज टपालामुळे. २०१६ मध्ये 'मिराय' या आज्ञावलीने, कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदलला नव्हता असे घरगुती कॅमेरे वेठीस धरून मोठमोठी संकेतस्थळे ठप्प केली. उघडे दार ही जबाबदारी आहे, हे यातून दिसते. पण भीती हे एकच कारण नव्हते. स्थिर पत्ता आणि उघडी दारे ही व्यावसायिक ग्राहकाला वेगळ्या दराने विकण्याची वस्तू ठरली. आणि तंत्रातच एक गृहीतक रुजले होते: डेटावन ज्या एडीएसएल तंत्रावर चालत असे त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थच असममित असा आहे. घरात येणारा प्रवाह मोठा आणि घराबाहेर जाणारा लहान. घर हे वाचकाचे, प्रकाशकाचे नव्हे, असा निवाडा तारेतच झालेला होता.

पुढे हा निवाडा अधिक कठोर झाला. जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही अखेरच्या गठ्ठ्यावर आला. मग सेवादात्यांनी वाड्याची युक्ती मोहल्ल्याला लावली. शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. प्रत्येक घराला आतला, खासगी पत्ता. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारी एक पत्तामाला याच कामासाठी राखून ठेवण्यात आली. आता राखणदार आपल्या टेबलावर नाही, तो सेवादात्याच्या इमारतीत बसतो. घरच्या मोडेमला कितीही आज्ञा द्या, थाप तेथवर पोचतच नाही. नामनोंदणी सेवेला कळवावा असा पत्ताच आपला उरत नाही.

आमच्या गटाला हा इतिहास पुस्तकातून कळला नाही. अमरावती आणि अकोला येथील काही महाविद्यालयांचे जुने वार्षिकांक आम्ही पान न् पान टिपून ठेवले आहेत. त्यांत वऱ्हाडी बोलीतले लेखन आहे, विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या ओव्या आहेत. हा संग्रह अमरावतीत एका सहकाऱ्याच्या घरी लहानशा यंत्रावर आहे आणि अकोल्याच्या विद्यार्थ्यांनी तो घरबसल्या पाहावा एवढीच अपेक्षा होती. जोडणी वेगवान होती. पण मोडेमने दाखवलेला पत्ता १००.६४ च्या मालेतला निघाला. अमरावती ते अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विक्रम झाला. त्याच दोन गावांमध्ये आमचे एक पान काही जाईना.

यावरचा उपाय वऱ्हाडच्या माणसाला अपरिचित वाटू नये. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली तेव्हा अकोला मुख्य मार्गावर आले आणि अमरावती बाजूला राहिली. मुख्य मार्ग वळला नाही. बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत एक छोटा फाटा टाकला गेला. येथेही तसेच करायचे असते. ज्याला खरा पत्ता आहे असे एक लहान यंत्र दूरच्या केंद्रात महिना काही शे रुपयांत भाड्याने घ्यायचे. ते आपले बडनेरा. घरातले यंत्र स्वतः बाहेर पडून त्याच्याशी जोडणी करते आणि ती उघडी ठेवते. आतून गेलेल्या हाकेचे उत्तर राखणदार अडवत नाही, हे आपण पाहिलेच. वाचक भाड्याच्या यंत्राच्या ४४३ क्रमांकाच्या दारावर येतो आणि त्याची मागणी त्या उघड्या जोडणीवरून घरापर्यंत पोचते. यालाच बोगदा म्हणतात. पूर्वीपासून हे एसएसएचने करता येत असे; मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या वायरगार्डने ते अधिक सुटसुटीत झाले. त्यात एक बारकावा आहे. शांतता फार वेळ राहिली तर राखणदार आपल्या वहीतली नोंद खोडतो. म्हणून घरातले यंत्र दर २५ सेकंदांनी एक रिकामी चिठ्ठी पाठवून आपण आहोत असे सांगत राहते.

भाड्याचे यंत्रही नको असेल तर तयार बोगदे मिळतात. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये आपला बोगदा विनामूल्य खुला केला. मात्र तेथे वाचकाची कुलूपबंद मागणी कंपनीच्या यंत्रावर उघडली जाते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवली जाते. म्हणजे आपल्या घराच्या दाराची किल्ली तिच्याकडे. आमच्या वार्षिकांकांना त्याची फिकीर नाही. एखाद्याच्या खासगी पत्रव्यवहाराला असू शकेल. स्वतःच्या भाड्याच्या यंत्रावरूनही कुलूपबंद मागणी न उघडता तशीच घरी पाठवावी आणि ती घरीच उघडावी, अशी व्यवस्था करता येते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून कुलपाचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि ८० क्रमांकाचे दार बंद असले तरी नामनोंदीतील एका खुणेवरून ते घेता येते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१५-१६ मध्ये आपल्याकडे आंतरजालाच्या समतेवर मोठा वाद झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामकाने भेदभावाच्या दरांना मनाई केली. तो विजय महत्त्वाचा होता. पण त्या वादाच्या केंद्रस्थानी वाचक होता. त्याला काय वाचता येईल, कोणत्या दराने, हा प्रश्न होता. घरातून बोलणाऱ्याला पत्ता मिळेल काय, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. वाचनाचे स्वातंत्र्य आपल्याला हक्क वाटले; प्रकाशनाचे साधन मात्र आपण कंपन्यांचीच बाब मानली.

पत्त्यांची टंचाई आता अटळ राहिलेली नाही. नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्तापद्धतीचा आराखडा डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तीत प्रत्येक घरातील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देऊनही साठा संपत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा आली आणि तिच्यामुळे या पद्धतीचा भारतात झपाट्याने प्रसार झाला. आज तिच्या वापरात भारत जगातील अग्रेसर देशांत गणला जातो. तरी दार आपोआप उघडत नाही. राखणदार बहुधा तसाच बसलेला असतो आणि बाहेरची थाप परतवतो. त्याला हुकूम देण्याची मुभा काही मोडेमांत असते, काहींत नसते. शिवाय वाचकाकडेही नवी पद्धत असावी लागते. टंचाई हे कारण हळूहळू संपत आहे. टंचाईने लावलेली सवय मागे राहिली आहे.

आणि एक मर्यादा अशी की, तिथे कोणताही बोगदा उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर शासनाने आंतरजाल बंद केले. बाहेर जायची वाटच नसेल तर आतून हाक कोठून मारणार? त्या बंदीची योग्यायोग्यता हा स्वतंत्र विषय आहे. पण घरात ठेवलेला एकमेव संग्रह अशा दिवसांत जगाच्या दृष्टीने नसल्यासारखाच होतो, ही वस्तुस्थिती आहे.

म्हणून घरचा सर्व्हर हे अंतिम उत्तर आहे, असे आम्ही म्हणत नाही. येथे आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. रिद्धपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकारंभीच्या धामधुमीत गेली. ग्रंथ टिकला तो अनेकांच्या स्मरणातून आणि अनेक ठिकाणच्या प्रतींतून. त्याचे वेगवेगळे पाठ त्याचीच साक्ष देतात. पुढे हे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत मठांच्या आत जपले गेले. ते सुरक्षित राहिले, पण लिपीची उकल होईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकापर्यंत, मराठीच्या सर्वसामान्य अभ्यासकाला ते नव्हतेच. अनेक प्रतींनी ग्रंथ वाचवला आणि बंद लिपीने तो वाचकापासून दूर ठेवला. संग्रह करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

आमच्या संग्रहाची एक प्रत आता अमरावतीत आहे आणि दुसरी अकोल्यात. दोन्ही एकाच नावाने पोचतात. एकीकडची वीज गेली तर दुसरी उत्तर देते. मराठी विभागांनी या कामाकडे संगणक विभागाचे काम म्हणून पाहू नये, एवढीच आमची विनंती आहे. हस्तलिखिताचे पाठ कसे तपासावेत हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आपल्या विभागाने टिपलेला मजकूर कोणाच्या यंत्रावर आहे, त्याचे दार कोणाच्या हातात आहे, आणि ते दार उद्या बंद झाले तर दुसरी प्रत कोठे आहे, हे तीन प्रश्न त्याच तासाला विचारता येतील.