भामरागडचा मुलूख

महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे आपली नजर सह्याद्रीच्या कण्यावरून खाली उतरते, पुणे-नाशिकावर रेंगाळते आणि फार झाले तर नागपुरापर्यंत जाऊन थांबते. जेथे राज्याची सीमा इंद्रावतीच्या पात्राला येऊन भिडते, त्या आग्नेय टोकापर्यंत ती क्वचितच पोहोचते. त्या टोकाला भामरागड आहे. २०११ च्या शिरगणतीत या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ३६ हजार भरली. एवढी माणसे आपल्या शहरातील एखाद्या पेठेत सहज मावतील. सबंध गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहतात. महाराष्ट्राची सरासरी मात्र ३६५ आहे. अशा विरळ वस्तीच्या मुलखाला इतिहास तो कसला असणार, अशी शंका सुशिक्षित मनातही येते. त्या शंकेचाच आज थोडा परामर्श घ्यावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम भूमी पाहू. चंद्रपुराहून निघून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की सागवानाचे राज्य सुरू होते. आलापल्लीजवळच्या सुमारे सहा हेक्टरांच्या तुकड्याला १९५३ साली कुऱ्हाडीपासून अभय मिळाले. त्याला ‘वनवैभव’ म्हणतात. तेथून भामरागड सुमारे साठ किलोमीटर. डोंगर सह्याद्रीसारखे उभ्या कड्यांचे नव्हेत. दाट झाडी पांघरून एकामागून एक पसरत गेलेल्या या टेकड्या आहेत आणि त्यांच्यामधून असंख्य नाले वाहतात. भामरागडपाशी पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती ओडिशातील कालाहंडीत उगम पावून बस्तर ओलांडून येथे येते आणि पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीत विसर्जित होते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे, आणि असे एकदा नव्हे, पावसाळ्यामागून पावसाळे घडत आले.

या भूमीत मुख्यतः माडिया गोंड राहतात. त्यांची भाषा द्राविडी कुळातली. गावे लहान आणि एकमेकांपासून दूर. ही विरळता दारिद्र्याची खूण म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यामागे एक हिशेब होता, तो आपण ध्यानात घेतला पाहिजे. डोंगरउतारावर झाडी तोडायची, वाळल्यावर जाळायची, राखेत पहिल्या पावसाबरोबर कोसरीसारखे भरड धान्य फेकायचे, आणि दोनतीन वर्षांनी ती जागा पुन्हा जंगलाच्या स्वाधीन करून पुढे सरकायचे, अशी ही ‘पेंडा’ शेती. तिला एका कुटुंबामागे पुष्कळ रान लागते. मोहाची फुले, ताडी, मासळी आणि कंदमुळे यांच्यावर वर्षाचा बराच भाग निभावत असल्यामुळे रान मोकळे असणे हेच अन्नाचे कोठार होते. बाहेरच्या माणसाला जे रान रिकामे दिसले, ते वस्तुतः पाळीपाळीने वापरात असलेले रान होते. या एका गैरसमजातून पुढचा बराच इतिहास घडला आहे.

राजसत्तांचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. चांद्याच्या गोंड राजांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. परंतु या डोंगरांत चांद्याचा राजाही क्वचितच पोहोचे आणि नागपूरचा सुभेदारही. कारभार जमीनदारांच्या हाती असे. सरकारला बेताची ‘टाकोळी’ भरावी आणि आपल्या मुलखात राज्य करावे, अशी ही व्यवस्था. चांदा जिल्ह्यातील जमीनदाऱ्यांत अहेरीची सर्वांत मोठी.

ही दूरची माणसे जगाच्या घडामोडींपासून अलिप्त होती, असे मात्र समजू नये. १८५८ च्या मार्चमध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज उभारून राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या सैन्याशी त्यांच्या चकमकी झाल्या. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल हे दोन युरोपीय मारले गेले. ही घटना बोलकी आहे. साम्राज्याच्या तारा जेथून जाणार होत्या, नेमक्या तेथेच त्यांना अडवण्यात आले. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत बाबूराव इंग्रजांच्या हाती लागले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरात निसटले. १८६० मध्ये तेथून त्यांना ताब्यात देण्यात आले आणि जन्मठेप झाली. जप्त जमीनदारीतील ६७ गावे अहेरीला बक्षीस मिळाली. बंड मोडायला बाहेरच्या बंदुकीइतकीच घरातली फूटही उपयोगी पडते, हा इतिहासाचा जुना धडा येथेही चुकला नाही.

दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, सिरोंचा भाग निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि तेथे ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा निर्माण झाला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस नद्यांतून थेट पूर्व किनाऱ्याला न्यावा, अशी सर आर्थर कॉटन यांची योजना होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांतील दुसरा सिरोंचाच्या खाली इंचमपल्लीजवळचा. कालवे आणि बांध यांवर लाखो रुपये खर्च झाले, आणि १८७१ मध्ये काम सोडून द्यावे लागले. तोवर कापसाने आगगाडीची वाट धरली होती. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याचा एक तालुका होऊन राहिला. म्हणजे ज्याला आज आपण ‘दुर्गम’ म्हणतो, तो प्रदेश एकेकाळी साम्राज्याच्या राजमार्गावर येऊ घातला होता. दुर्गमता ही केवळ डोंगरांनी ठरत नाही. व्यापाराची वाट कोठून जाते, यावरही ती ठरते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची जंगले सरकारची झाली. आदिवासीच्या दृष्टीने धनी तेवढा बदलला. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी नव्या गडचिरोली जिल्ह्यात आला. भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना आणि शाळा उभी केली. १९८० पासून नक्षलवादी चळवळ या भागात शिरली. तिच्यात आणि तिच्या बंदोबस्तात गरीब गावकरी दोन्हीकडून भरडला गेला.

१९८० नंतर त्याच इंचमपल्लीचे नाव पुन्हा पुढे आले, या वेळी प्रचंड धरणासाठी. इंद्रावतीवरील भोपालपट्टनमची योजनाही तिच्या जोडीला होती. शेकडो गावे आणि विस्तीर्ण अरण्य पाण्याखाली जाणार होते. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ अशी हाक देत लोक एकत्र आले आणि त्या योजना तेव्हा बाजूला पडल्या. पुढे एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाकडे लक्ष वळले. ज्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते, तेथेच आता खाणकाम चालते. रोजगार मिळाला म्हणणारे आहेत, तसे देव आणि रान गेले म्हणणारेही आहेत. दोघेही त्याच मातीतले आहेत, हे आपण विसरू नये.

याच जिल्ह्यातील दुसरे एक उदाहरण आशा वाढवणारे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जिल्ह्यातील हजाराहून अधिक ग्रामसभांना पुढे असे हक्क मिळाले. ज्या रानाला सरकारी दप्तरांनी रिकामे मानले होते, त्याला वहिवाटदार होते, हे दीडशे वर्षांनी कायद्याने मान्य केले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. बल्लारपूरचा कागद पिढ्यानपिढ्या या जिल्ह्यांच्या बांबूवर निघाला आणि आपल्या मुलांच्या वह्या त्यातूनच झाल्या. जुन्या वाड्यांच्या तुळया, उद्याच्या इमारतींचे लोखंड यांचाही माग काढला तर तो याच दिशेने जातो. तेव्हा ३६ हजार हा आकडा ऐकून ‘तेथे आहे कोण?’ असे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. इंग्रजाने तेथे जलमार्ग पाहिला, जंगलखात्याने इमारती लाकूड पाहिले, कोणी वीज आणि कोणी लोखंड पाहिले. राहणारी माणसे मात्र प्रत्येक वेळी हिशेबाच्या तळटीपेत गेली. त्या माणसांना विचारून मग हिशेब मांडणे, एवढे जरी आपल्या पिढीने साधले, तरी भामरागडच्या इतिहासाने आपल्याला पुष्कळ शिकवले असे आम्ही म्हणू.