काचेंतून वाहणारा प्रकाश

पाण्याची धार वांकली कीं तिच्यांत शिरलेला प्रकाशहि तिच्याबरोबर वांकतो, हें जिनिव्हाच्या कोलाडन यांनीं १८४१ सालीं दाखविलें. आंतल्या आंत परावर्तन पावून तेज पाण्यांतच कोंडून राहतें. ह्या चमत्काराचा उपयोग मात्र पुष्कळ काळ कारंजीं शोभविण्यापलीकडे फारसा झाला नाहीं.

१९५४ सालीं लंडन येथें हॉपकिन्स व आपले नरिंदरसिंह कपानी यांनीं काचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेलें. पण दूरच्या संदेशवहनास काच निरुपयोगी वाटे. कारण त्या काळच्या तंतूंत वीस मीटर गेल्यावर प्रकाशाचा अवघा शंभरावा अंश उरे. हा काचेचा स्वभाव, कीं तिच्यांतील मळाचा दोष? घोडें अडलें होतें तें येथेंच. हार्लो येथील चार्ल्स काओ यांनीं हॉकहॅम यांजसह १९६६ सालीं निबंध लिहून सांगितलें कीं, दोष मळाचा, विशेषतः लोहाच्या अंशाचा. काच निर्मळ करा, म्हणजे तेवढाच प्रकाश एक किलोमीटरवर पोंचेल. तज्ज्ञांना हें सहज पटलें नाहीं. परंतु अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें १९७० सालीं तसा तंतु काढलाच! आणि हिंदुस्थानांत टेलिफोन केंद्रें जोडणारी पहिली तंतुवाहिनी सुरू झाली ती पुण्यांत, १९७९ सालीं. आज उत्तम तंतूंत तितका प्रकाश शंभर किलोमीटरनंतरहि उरतो.

२००९ सालचें नोबेल पारितोषिक काओ यांना मिळालें, कपानींना नाहीं, ह्याची हळहळ आपल्याकडे अजून ऐकूं येते. ती समजण्याजोगी आहे. परंतु तो गौरव तंतूंतून चित्र नेण्याचा नव्हता, संदेश नेण्याचा होता.