गोड गोळीची जुनी गोष्ट

आपल्या कोराडीत होमिओपॅथीच्या गोड गोळ्या घरोघरी ओळखीच्या. त्या आल्या कुठून?

जर्मनीत डॉक्टर हानेमान होते. तेव्हा रुग्णाचं रक्त काढून टाकण्यासारखे उपचार चालत. त्यांना ते पटेनात. १७९० साली त्यांनी सिंकोना झाडाची साल स्वतः घेऊन पाहिली, तर हिवतापासारखी लक्षणं जाणवली. त्यावरून तत्त्व मांडलं: काट्यानं काटा काढायचा. दुसरं तत्त्व, औषध पातळ करत जायचं. एक थेंब औषधात ९९ थेंब स्पिरिट, असं ३० वेळा! शेवटी मूळ औषधाचा कणही उरत नाही, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटत नाही.

त्याच सालीतून १८२० साली क्विनाईन वेगळं काढलं गेलं, हिवतापावरचं नेमकं औषध. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: थंडी वाजून ताप आला, की आधी रक्त तपासायचं. गोड गोळीच्या भरवशावर घरी थांबायचं नाही.