प्रकटीकरणातील रंग, तागडी आणि शिक्का

कर्नाटकातील बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात, चिंताकीच्या परिसरात, मराठी, कन्नड आणि तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. या जिल्ह्यात मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळ्याही जुन्या आहेत. बायबलमधील शेवटच्या पुस्तकाला मराठीत ‘प्रकटीकरण’, कन्नडमध्ये ‘प्रकटने’ आणि तेलुगूत ‘प्रकटन’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही आच्छादन दूर करणे असाच आहे. प्रत्यक्षात मात्र बायबलमधील सर्वांत गूढ पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे. युगान्ताची ही दृश्ये रंगांनी आणि वस्तूंनी बोलतात, आणि त्या रंगांचे संकेत वाचकाच्या घरच्या संकेतांशी जुळतीलच असे नाही.

पांढऱ्या रंगाचेच पाहा. मराठीत ‘पांढरे कपाळ’ म्हणजे वैधव्य. लाल रंग कुंकवाचा, सौभाग्याचा. प्रकटीकरणात नेमके उलट आहे. तेथे पांढरे तलम वस्त्र कोकऱ्याच्या वधूचे आणि छळातून तरून आलेल्यांचे. तांबडा रंग युद्धाचा व अग्निवर्ण अजगराचा. गोव्यातील ख्रिस्ती नवरीने हा पेच आपल्या परीने सोडवला आहे: चर्चमध्ये पांढरा पोशाख आणि लग्नसोहळ्यात तांबडा ‘साडो’.

हे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. ९५ च्या सुमारास, रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात लिहिले गेले. लेखक योहान एजियन समुद्रातील पात्म बेटावर होता आणि वाचक होत्या आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील सात मंडळ्या. त्याच्या चित्रांचा मोठा भाग जुन्या करारातून येतो. सहाव्या अध्यायातील चार घोड्यांना जखऱ्या संदेष्ट्याच्या घोड्यांचा आधार आहे.

पहिला घोडा पांढरा, स्वाराच्या हाती धनुष्य. हा ख्रिस्त की केवळ जगज्जेता, यावर भाष्यकारांचे आजही एकमत नाही. (एकोणिसाव्या अध्यायातील श्वेत अश्वावरचा स्वार वाचताना मराठी वाचकाला कल्की आठवणे साहजिक आहे, पण तेथे तलवार हातात नाही, मुखातून निघते.) दुसरा घोडा अग्नीसारखा लाल. चौथ्याचा रंग मराठी भाषांतरात ‘फिकट’ होतो. ग्रीक शब्द मात्र हिरवट छटेचा आहे, आणि आठव्या अध्यायात तोच शब्द गवतासाठी येतो. येथे तो प्रेताची कळा सांगतो.

सर्वांत अंगावर येतो तो तिसरा, काळा घोडा. त्याच्या स्वाराच्या हाती तागडी आहे. तागडी म्हटली की आज न्यायदेवता आठवते, पण ही तागडी दुकानातली आहे. एका दिनारात एक माप गहू किंवा तीन मापे जव, असा भाव पुकारला जातो. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची कमाई आणि माप साधारण लिटरभर, एका माणसाचे दिवसाचे धान्य. घरातील बाकीच्यांनी काय खावे? तेल आणि द्राक्षारस यांना मात्र धक्का लावायचा नाही, असेही बजावले जाते. श्रीमंतांचे ताट भरलेलेच राहते, असा त्याचा अर्थ काही भाष्यकार लावतात.

जांभळा आणि किरमिजी हे रंगही बाजारातलेच. समुद्री गोगलगाईंपासून मिळणारा जांभळा रंग अतिशय महाग, म्हणून सत्तेचा. सतराव्या अध्यायातील ‘बाबेल’ ही स्त्री तो नेसते. ती सात डोंगरांवर बसली आहे म्हटल्यावर रोमचे नाव घेण्याची गरज उरत नाही. पुढच्या अध्यायात तिच्या व्यापारी मालाची यादी येते. तीत मोती, हस्तिदंत आणि सुगंधी मसाले आहेत, ज्यांपैकी बराच माल भारताच्या किनाऱ्यावरून रोमला जात असे. यादीच्या अगदी शेवटी, गुराढोरांनंतर, माणसे येतात.

सगळीच चित्रे भयाची नाहीत. मंडळ्यांचे प्रतीक असलेले सात दीपवृक्ष मराठी बायबलमध्ये ‘समया’ झाले आणि एका शब्दात घरचे झाले. बाराव्या अध्यायातील सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र आणि मस्तकी बारा ताऱ्यांचा मुकुट असलेली स्त्री कॅथलिक परंपरेने मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या प्रतिमेत आणली. पणजीचे चर्च याच मातेच्या नावाचे असून तिचे फेस्त ८ डिसेंबरला असते. प्रोटेस्टंट भाष्यकार त्या स्त्रीत बहुधा इस्राएल किंवा ख्रिस्तसभा पाहतात.

भीती पिकते ती तेराव्या अध्यायातील शिक्क्यावर. उजव्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण नसेल तर खरेदीविक्री बंद. तिचा अंक ६६६. बारकोड, लस, शरीरात बसवायची चिप अशा नव्या नव्या वस्तूंवर हा आरोप जगभर झाला. मिझोराममध्ये काहींनी याच भयाने आधार नाकारले. बहुसंख्य अभ्यासकांचे उत्तर साधे आहे: ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांची मूल्ये मिळवली की ६६६ येतात. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ आहे. नावाचे लॅटिन रूप घेतले की तोही हिशेब जुळतो. शिवाय चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात कोकऱ्याच्या अनुयायांच्या कपाळावरही नाव लिहिलेले आहे. ते नाव मात्र कोणी यंत्रात शोधत नाही.